मॉर्फिनचा जनक आणि मात्रेचा धडा

यवतमाळला लागून असलेल्या लोहाऱ्यात काय किंवा आणखी कुठे काय, दुचाकी घसरून पायाचे हाड मोडले की बहुतेकदा रॉड किंवा प्लेट बसवावी लागते. ऑपरेशन झाले की नातेवाइकांना वेगळीच धास्ती वाटू लागते. दुखणे थांबवणाऱ्या कडक इंजेक्शनाची पेशंटला सवय तर लागणार नाही ना? या इंजेक्शनाची कथा सव्वादोनशे वर्षांपूर्वी जर्मनीतल्या एका औषधाच्या दुकानात सुरू झाली.

फ्रीडरिश सर्ट्युर्नर यांचा जन्म १९ जून १७८३ रोजी पाडरबोर्नजवळच्या नॉयहाउस येथे झाला. वडील लवकर वारले आणि मुलगा औषधाच्या दुकानात उमेदवारीला लागला. त्या काळी वेदनेवर अफू हेच मोठे औषध होते. पण अफूच्या चिकाचा जोर प्रत्येक वेळी वेगळा असे. तेवढ्याच अफूने एकाचे दुखणे जराही हलत नसे, तर दुसरा झोपेतून उठतच नसे. दोष औषधाचा की मात्रेचा, हे कळायला मार्ग नव्हता.

१८०४च्या सुमारास, जेमतेम एकविशीत, सर्ट्युर्नर यांनी अफूच्या अर्कात अमोनिया मिसळून त्यातले गुंगी आणणारे द्रव्य वेगळे काढले. कुत्र्यांवर त्याचा प्रयोग केला. ग्रीक स्वप्नदेवता मॉर्फियसवरून त्याला नाव दिले. निष्कर्ष छापले, पण विद्यापीठाची पदवी नसलेल्या या तरुणाकडे कुणी फारसे लक्ष दिले नाही.

पुढे आइनबेक गावी असताना त्यांनी स्वतःवर आणि तीन किशोरवयीन मुलांवर प्रयोग केला. प्रत्येकाने सुमारे ३० मिलीग्रॅम द्रव्य घेतले, अर्ध्या तासाने पुन्हा तेवढेच, आणि पाव तासाने आणखी तेवढेच. चेहरे लाल झाले, मळमळ सुरू झाली, मग सगळेच गुंगीत गेले. घाबरून त्यांनी व्हिनेगर पिऊन आणि पाजून उलट्या करवल्या. सगळे वाचले, हे नशीबच. आज असा प्रयोग कोणतीही नीतिसमिती होऊ देणार नाही.

१८१७ मध्ये हा शोधनिबंध प्रसिद्ध झाला आणि फ्रेंच शास्त्रज्ञ गे-ल्युसॅक यांनी त्याचे महत्त्व ओळखले. येना विद्यापीठाने मानद डॉक्टरेट दिली. १८२७ मध्ये मर्क कंपनीने मॉर्फिनचे उत्पादन सुरू केले. १८३१ मध्ये फ्रान्सच्या इन्स्टिट्यूटने पारितोषिक दिले. २० फेब्रुवारी १८४१ रोजी हामेल्न येथे ते निवर्तले.

सर्ट्युर्नर यांच्यामुळे वेदनाशामक तोलून देता येऊ लागले. आज आम्ही शिरेतून दोन-तीन मिलीग्रॅम देतो, काही मिनिटे थांबतो, श्वास आणि शुद्ध तपासतो, मगच पुढचे देतो. देखरेखीखाली थोडे दिवस दिलेल्या औषधाची सवय लागण्याचा धोका कमी असतो. उलट वेदनेमुळे पेशंट हलला नाही, तर पायात रक्ताची गुठळी होणे, छातीत कफ साठणे, सांधा आखडणे हे धोके वाढतात.

घरी गेल्यावरही मात्रेचाच नियम पाळा. पॅरासिटामॉल दुखणे वाढायची वाट न पाहता सांगितलेल्या वेळी घ्या. सर्दीच्या गोळीतही ते असू शकते, म्हणून दुप्पट होऊ देऊ नका. मूत्रपिंडाचा किंवा पोटातल्या अल्सरचा त्रास असेल, तर दुकानातून दुसरी वेदनाशामक गोळी परस्पर आणू नका. ट्रामाडॉलसारख्या औषधावर दारू किंवा झोपेची गोळी घेऊ नका, श्वास मंदावतो.

आणि औषध देऊनही दुखणे वाढतच असेल, पोटरी दगडासारखी ताठ झाली असेल, बोटे हलवताच कळ येत असेल किंवा ती बधिर पडली असतील, तर आणखी एक गोळी देत सकाळची वाट पाहू नका. रात्र असली तरी पेशंटला लगेच रुग्णालयात आणा. आतला दाब वाढून स्नायू मरू लागल्याची ती खूण असू शकते आणि अशा वेळी पाय वाचवायला मोजकेच तास हाती असतात.