विश्लेषण : इंग्रजीला व्याकरण शिकवणारे लिंडले मरे कोण होते? त्यांच्या पॅसिव्ह व्हॉइसमध्ये काय नव्हते?

ॲक्टिव्ह वाक्य पॅसिव्ह करा, हा प्रश्न शालेय इंग्रजीच्या परीक्षेत हमखास येतो. कर्माला पुढे आणा, क्रियापदाचे तिसरे रूप लिहा, शेवटी ‘बाय’ लावा, एवढे सूत्र बहुतेकांना पाठ असते. व्याकरण असे नियम, तक्ते आणि स्वाध्याय यांतून शिकवण्याची पद्धत इंग्रजीच्या वर्गात घट्ट रुजवली ती लिंडले मरे यांच्या पुस्तकांनी. मरे पेशाने शिक्षक नव्हते, भाषापंडितही नव्हते. त्यांनी व्याकरण लिहिले कसे, आणि त्यात पॅसिव्हचा एक महत्त्वाचा प्रकार का नव्हता, याचा हा आढावा.

वकील, व्यापारी आणि मग व्याकरणकार...

मरे यांचा जन्म 1745 मध्ये अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियात क्वेकर पंथाच्या कुटुंबात झाला. वडील रॉबर्ट मरे पुढे न्यूयॉर्कमधील बडे व्यापारी झाले. त्या शहरातील ‘मरे हिल’ हा भाग याच कुटुंबाच्या नावाने ओळखला जातो. वडिलांची शिस्त कडक होती. एकदा शिक्षा झाल्यावर लिंडले घर सोडून निघून गेले आणि न्यू जर्सीतील बर्लिंग्टन येथील शाळेत स्वतःच दाखल झाले. पुढे घरच्यांशी समेट झाला. व्यापारात त्यांचे मन रमेना, म्हणून त्यांनी कायद्याचा अभ्यास केला. बेंजामिन किसम या वकिलाच्या कार्यालयात त्यांच्याबरोबर शिकणारे जॉन जे पुढे अमेरिकेचे पहिले सरन्यायाधीश झाले.

1767 मध्ये मरे यांचा हॅना डॉब्सन यांच्याशी विवाह झाला. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाच्या काळात वकिली थांबली. काही काळ ते लाँग आयलंडवर राहिले, मग न्यूयॉर्कला परतून व्यापारात त्यांनी चांगली कमाई केली. दरम्यान स्नायूंच्या दुबळेपणाने त्यांना गाठले. 1784 मध्ये प्रकृतीसाठी ते इंग्लंडला गेले आणि यॉर्क शहराजवळच्या होलगेट येथे स्थायिक झाले. चालणे कमी होत गेले आणि अखेरची अनेक वर्षे त्यांनी घरातच काढली. घराभोवतीची बाग हा त्यांचा मोठा विरंगुळा होता.

पुस्तक कोणासाठी लिहिले?

यॉर्कमध्ये क्वेकर मुलींची एक शाळा होती. तिथल्या शिक्षिकांना इंग्रजी व्याकरणाचे सोपे पुस्तक हवे होते. त्यांच्या आग्रहावरून मरे यांनी ते तयार केले आणि 1795 मध्ये यॉर्कमध्येच ते छापले गेले. मुलांनी पाठ करायचे मुख्य नियम मोठ्या टाइपात आणि स्पष्टीकरणे लहान टाइपात, ही त्याची रचना वर्गात फार सोयीची ठरली. 1797 मध्ये संक्षिप्त आवृत्ती, स्वाध्यायांचे पुस्तक आणि त्याच्या उत्तरांची पुस्तिका आली. 1799 मध्ये ‘इंग्लिश रीडर’ हे वाचनमालेचे पुस्तक निघाले. अमेरिकेतील शाळांत ते इतके चालले की अब्राहम लिंकन यांनीही त्याची वाखाणणी केल्याचे सांगितले जाते. 19व्या शतकाच्या पूर्वार्धात मरे यांच्या सर्व पुस्तकांच्या मिळून दीड कोटीहून अधिक प्रती खपल्या, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. या पुस्तकांचे उत्पन्न मरे यांनी दानधर्मासाठी वापरले.

टीकाही झाली. रॉबर्ट लोथ यांच्या 1762 च्या व्याकरणातील बराच मजकूर मरे यांनी घेतला होता. आपण संकलक आहोत, ही त्यांची भूमिका सुरुवातीपासून होती. पुढील आवृत्त्यांत त्यांनी लोथ, जॉन्सन, प्रीस्टली आदींची नावेही दिली.

मरे यांच्या पुस्तकात व्हॉइस कसा होता?

मरे यांनी क्रियापदांचे तीन प्रकार मानले : ॲक्टिव्ह, पॅसिव्ह आणि न्यूटर. ज्यात करणारा असतो आणि क्रिया दुसऱ्या कोणावर जाते, ते ॲक्टिव्ह. ज्यात क्रिया सोसणारा पुढे येतो, ते पॅसिव्ह. झोपणे, बसणे, असणे यांसारखी, ज्यांची क्रिया दुसऱ्यावर जात नाही, ती न्यूटर. आज आपण त्यांना अकर्मक म्हणतो. अकर्मक क्रियापदाचा सरळ पॅसिव्ह का होत नाही, याचे उत्तर या विभागणीतच आहे. कर्मच नसेल तर पुढे आणणार कोणाला?

पॅसिव्हची कृती त्यांनी सोपी ठेवली : ‘टू बी’चे योग्य रूप घ्यायचे आणि मुख्य क्रियापदाचे भूतकालवाचक धातुसाधित जोडायचे. काळ दाखवण्याचे काम फक्त ‘टू बी’ करते. ‘शी राइट्स अ लेटर’चे ‘अ लेटर इज रिटन बाय हर’ होते, तर ‘शी रोट अ लेटर’चे ‘अ लेटर वॉज रिटन बाय हर’. ‘रिटन’ दोन्हीकडे तेच राहते. विद्यार्थी चुकतात ते बहुधा इथेच, कारण ते काळ मुख्य क्रियापदात शोधतात.

मग काय नव्हते?

आज ‘घर बांधले जात आहे’ हे इंग्रजीत ‘द हाउस इज बीइंग बिल्ट’ असे सांगतात. मरे यांच्या पॅसिव्हच्या तक्त्यात हे रूप नाही. त्या काळी हाच अर्थ ‘द हाउस इज बिल्डिंग’ असा सांगण्याची रीत होती. घर स्वतःच काही बांधत आहे, असे कोणी समजत नसे. मात्र जिथे कर्ता आणि कर्म यांत गोंधळ होण्याची शक्यता असे, तिथे ही रीत अडचणीची ठरे. त्यातून नवे रूप रुळू लागले. त्याच्या सुरुवातीच्या प्रसिद्ध उदाहरणांपैकी एक कवी रॉबर्ट साउदी यांच्या 1795 मधील पत्रात सापडते. म्हणजे मरे यांचे व्याकरण छापले गेले, त्याच वर्षी त्यात नसलेले रूप लोकांच्या लेखणीत आले होते.

पुढे या रूपावर मोठा वाद झाला. अमेरिकेत जॉर्ज पर्किन्स मार्श आणि रिचर्ड ग्रँट व्हाइट यांच्यासारख्या विद्वानांनी ते अशुद्ध ठरवले. वापरणाऱ्यांनी मात्र ते सोडले नाही. आज जुने रूपच चुकीचे वाटते आणि एकेकाळचे ‘अशुद्ध’ रूप परीक्षेत विचारले जाते. लोक ज्या पुस्तकाला कायदा मानत होते, त्याच्याही पुढे भाषा निघून गेली.

मराठी विद्यार्थ्याची अडचण कुठे?

दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचे मराठी व्याकरण 1836 मध्ये आले आणि शालेय मराठी व्याकरणाची घडी बसू लागली. आपण कर्तरी, कर्मणी आणि भावे असे प्रयोग शिकतो आणि कर्मणी म्हणजे पॅसिव्ह असे सरसकट समजतो. इथेच फसगत होते. ‘रामाने आंबा खाल्ला’ आणि ‘रामाने पोळी खाल्ली’ ही कर्मणी प्रयोगाची वाक्ये आहेत, कारण क्रियापद कर्माप्रमाणे बदलते. इंग्रजीत मात्र ती ‘राम एट अ मँगो’ अशी ॲक्टिव्हच होतात. इंग्रजी पॅसिव्हच्या जवळ जाते ते ‘आंबा खाल्ला गेला’ हे वाक्य. मराठी प्रयोग क्रियापद कोणाशी जुळते ते पाहतो. इंग्रजी व्हॉइस, कर्त्याच्या जागी क्रिया करणारा बसला आहे की सोसणारा, ते पाहतो.

हा फरक केवळ गुणांपुरता नाही. पॅसिव्हमध्ये करणारा गाळता येतो. चोर पकडला गेला, या वाक्यात पोलिसांचे नाव नसले तरी बिघडत नाही. ‘निधी वळवण्यात आला’ या वाक्यात मात्र तो कोणी वळवला, हाच खरा प्रश्न असतो. म्हणून पॅसिव्ह वाईट नाही, पण ‘बाय’नंतरची जागा रिकामी का आहे, हे वाचकाने विचारायला हवे.

अखेर आणि वारसा

मरे यांचे निधन जानेवारी 1826 मध्ये होलगेट येथे झाले. त्याच वर्षी त्यांच्या आठवणींचे पुस्तक प्रसिद्ध झाले. पत्नीच्या पश्चात आपली मालमत्ता अमेरिकेत एका निधीसाठी वापरावी, अशी व्यवस्था त्यांनी मृत्युपत्रात केली होती. गुलामगिरीतील कृष्णवर्णीयांना मुक्त करणे, त्यांना आधार देणे आणि त्यांच्या मुलाबाळांना शिकवणे, ही त्या निधीची कामे होती. मरे यांचे व्याकरण आज कोणत्याही वर्गात नाही. नियम, उदाहरण, स्वाध्याय आणि मागे उत्तरे, हा क्रम मात्र अजून आपल्या पाठ्यपुस्तकांत आणि मार्गदर्शकांत दिसतो.