अमानत, कर्ज आणि वारस : हजरत जुबैर बिन अव्वाम (रजि.)



माणूस आयुष्यभर कमावतो, जपून ठेवतो आणि एके दिवशी या जगाचा निरोप घेतो. ठेव कोठे आहे आणि देणे कोणाचे आहे, हे मागे राहिलेल्यांना ठाऊक नसेल तर त्याने जपलेले धन खरोखर सुरक्षित होते असे म्हणता येईल काय? या प्रश्नाचे उत्तर एका थोर सहाबींच्या जीवनात आणि त्यांच्या मृत्यूनंतरच्या चार वर्षांत आपणास मिळते.

हजरत जुबैर बिन अव्वाम (रजि.) हे प्रेषित मुहम्मद (स.) यांचे आतेभाऊ. त्यांच्या मातोश्री हजरत सफिया (रजि.) या अब्दुल मुत्तलिब यांच्या कन्या होत, तर वडील अव्वाम हे हजरत खदीजा (रजि.) यांचे बंधू. अगदी प्रारंभीच्या काळात, कोवळ्या वयात त्यांनी इस्लामचा स्वीकार केला. छळ सोसला, हबशाला हिजरत केली, नंतर मदीनेला आले. बद्र, उहुद, खंदक या सर्व प्रसंगी ते प्रेषितांच्या सोबत होते. प्रेषितांनी त्यांना आपला हवारी, म्हणजे निष्ठावंत साहाय्यक, म्हटले. जन्नतची सुवार्ता मिळालेल्या दहा सहाबींमध्ये त्यांची गणना होते.

मदीनेतील त्यांच्या संसाराचा आरंभ दारिद्र्यात झाला. त्यांच्या पत्नी हजरत अस्मा (रजि.), हजरत अबू बक्र (रजि.) यांच्या कन्या, घोड्याला स्वतः चारापाणी करीत आणि दूरच्या जमिनीवरून खजुराच्या बिया डोक्यावर वाहून आणीत. पुढे अल्लाहने त्यांना विपुल संपत्ती दिली. त्यांनी कधी प्रांताची सुभेदारी घेतली नाही, करवसुलीचे कामही केले नाही. त्यांनी युद्धांत भाग घेतला, मिळालेल्या मालातून जमिनी आणि घरे घेतली.

आता मूळ विषयाकडे वळू या. लोकांचा त्यांच्यावर इतका विश्वास होता की आपले धन सांभाळण्यासाठी ते त्यांच्याकडे घेऊन येत. परंतु हजरत जुबैर (रजि.) ते अमानत म्हणून ठेवून घेत नसत, हे माझ्यावर कर्ज राहील, असे सांगूनच ते स्वीकारीत. यामागील विचार समजून घ्या. अमानत सांभाळणाऱ्याच्या हातून निष्काळजीपणा झाला नाही आणि तरीही ती नष्ट झाली, तर शरीअतनुसार त्याच्यावर भरपाईची जबाबदारी येत नाही. कर्ज मात्र कोणत्याही परिस्थितीत फेडावेच लागते. म्हणजे ठेवणाऱ्याचे धन बुडू नये म्हणून त्यांनी सारा धोका स्वतःच्या शिरावर घेतला.

हिजरी ३६, म्हणजे इ.स. ६५६. बसऱ्याजवळ जमलच्या युद्धाचा दिवस उजाडला. आज आपण अन्यायाने मारले जाऊ, असे त्यांना वाटू लागले होते. त्या क्षणी त्यांना सर्वांत मोठी चिंता होती ती कर्जाची. त्यांनी आपले पुत्र हजरत अब्दुल्लाह (रजि.) यांना जवळ बोलावले. मालमत्ता विकून आधी कर्ज फेडावे, उरलेल्यातून एक तृतीयांशाची वसीयत पूर्ण करावी, असे सांगितले. कर्ज फेडताना अडचण आली तर माझ्या मालकाकडे मदत माग, असेही ते म्हणाले. हा मालक कोण, हे पुत्राला उमगेना. विचारल्यावर उत्तर मिळाले की तो अल्लाह आहे. त्याच दिवशी रणांगण सोडून परतत असताना ते शहीद झाले.

मागे काय होते? रोख दिनार किंवा दिरहम एकही नाही. मदीनेत अकरा घरे, बसऱ्यात दोन, कूफ्यात एक, मिस्रमध्ये एक; आणि मदीनेजवळची गाबा नावाची जमीन. कर्जाची बेरीज केली तेव्हा ती २२ लाख भरली. इतके देणे फिटणार कसे, अशी शंका नातेवाइकांनाही आली.

परंतु हजरत अब्दुल्लाह (रजि.) यांना काय आहे, कोठे आहे आणि आधी काय करायचे आहे, हे ठाऊक होते. १ लाख ७० हजारांना घेतलेल्या गाबाचे सोळा भाग केले गेले आणि प्रत्येक भागाला १ लाखाचा भाव ठरला. एका सावकाराचे ४ लाख येणे होते. त्यांनी ते माफ करण्याची, नाहीतर मुदत वाढवून देण्याची तयारी दाखवली. हजरत अब्दुल्लाह (रजि.) यांनी दोन्ही नाकारले आणि त्यांना जमीन देऊन हक्क पुरा केला. वाट अडली की ते वडिलांच्या त्या मालकाचा धावा करीत आणि वाट निघे.

कर्ज फिटले. तेव्हा भावंडांनी वाटणी मागितली. मागणी गैर नव्हती. शरीअतनेच त्यांना वाटा दिला होता. परंतु ज्ञात कर्ज फिटले म्हणजे सर्व कर्ज फिटले असे कसे समजायचे? दूरच्या एखाद्या माणसाची ठेव राहून गेली असेल तर? म्हणून सलग चार वर्षे हजच्या काळात जाहीर केले गेले की, जुबैर (रजि.) यांच्याकडे ज्याचे काही येणे असेल त्याने यावे. चार वर्षांनंतरच वाटणी झाली. हजरत जुबैर (रजि.) यांना चार पत्नी होत्या, प्रत्येकीच्या वाट्याला १२ लाख आले. हा वृत्तांत सहीह बुखारीत सविस्तर आला आहे.

गोंदिया जिल्ह्यातील वाचकहो, हा प्रसंग आपल्या घरापासून दूर नाही. धानाचा व्यापार असो, तांदळाची गिरणी असो किंवा तेंदूपत्त्याचे काम असो, कितीतरी देणेघेणे आजही शब्दावर चालते. कोणाचे दागिने आपल्या कपाटात असतात, आपली रक्कम कोणाच्या दुकानात गुंतलेली असते, आमगाव किंवा तिरोड्याकडच्या बांध्यांच्या सातबाऱ्यावर आजोबांचेच नाव असते. पत्नीचा न दिलेला महरही कर्जच असतो. घरधनी गेला की हे सारे त्याच्यासोबत मातीआड होते. बँकेतील ठेवीवर दहा वर्षे कोणी दावा केला नाही तर ती रक्कम रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते. त्यानंतरही वारसांना ती मागता येते. पण खाते होते हेच ठाऊक नसेल तर मागणार कोण?

दिव्य कुरआनने मुदतीचे देणे लिहून ठेवण्याची आज्ञा दिली आहे आणि वारसांचे वाटे सांगताना वसीयत व कर्ज यांना आधीचे स्थान दिले आहे. ज्याच्याजवळ वसीयत करण्याजोगे काही आहे, त्याने ती लिहून ठेवल्यावाचून दोन रात्रीही घालवू नयेत, अशी प्रेषितांची शिकवण आहे. कुरआनात दोन अनाथ मुलांच्या भिंतीखालील खजिन्याची हकीकत आहे. ती पडू लागलेली भिंत अल्लाहच्या आज्ञेने एका ज्ञानी दासाने उभी केली. ती अल्लाहची खास कृपा होती. आपल्यावर मात्र लिहून ठेवण्याची जबाबदारी टाकली आहे.

जकातीचा हिशेब करताना आपण दरवर्षी सोने, रोकड, माल आणि येणे-देणे मांडतोच. तोच कागद थोडा वाढवा. खाती, लॉकर, जमिनीचे गट क्रमांक, कोणाचे किती देणे, कोणाची अमानत कोणत्या डब्यात, हे त्यात लिहा. दोन साक्षीदारांच्या सह्या घ्या. सर्वांना सर्व सांगण्याची गरज नाही. कागद कोठे आहे हे एका विश्वासू माणसाला आणि पत्नीला ठाऊक असावे. बँकेत एखाद्याचे नाव नॉमिनी म्हणून असले तरी त्यामुळे इतर वारसांचा शरई हक्क संपत नाही, हेही त्यात स्पष्ट करा.

कुलूप चोरापासून रक्षण करते. विस्मृतीपासून आणि वारसांमधील कलहापासून नाही. हजरत जुबैर (रजि.) यांच्या घरात रोकड नव्हती, तरी कोणाचा हक्क बुडाला नाही, कारण जाण्यापूर्वी त्यांनी देणे सांगितले आणि ते फेडणारा पुत्र घडवला होता.

अल्लाह आपणा सर्वांना अमानती ओळखण्याची, कर्जमुक्त होऊन जाण्याची आणि वारसांचे हक्क अबाधित ठेवण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.