वस्तीतल्या मुलांसाठी कलेचे घर उभारणाऱ्या जेन ॲडम्स

अमेरिकेतील शिकागो शहरात, हॉलस्टेड स्ट्रीटवरच्या हल-हाउस या घरात १८८९ साली पहिला नाताळ साजरा झाला. शेजारच्या मुलांना खाऊ वाटला जात असताना काही लहान मुलींनी मिठाई घेण्यास नकार दिला. चौकशीअंती कळले की, या मुली मिठाईच्याच कारखान्यात सहा आठवडे, सकाळी सातपासून रात्री नऊपर्यंत काम करीत होत्या आणि मिठाई त्यांच्या नजरेलाही नकोशी झाली होती.

तीन महिन्यांपूर्वीच या घरात राहावयास आलेल्या जेन ॲडम्स यांच्या मनावर या प्रसंगाचा खोल ठसा उमटला. ज्या मुलांचे बालपण यंत्रासमोर संपत आहे, त्यांच्या आयुष्यात चित्राला, गाण्याला आणि नाटकाला काही स्थान असू शकते काय, हा प्रश्न त्यांच्यापुढे उभा राहिला. पुढील ४५ वर्षे त्या याच घरात राहून या प्रश्नाचे उत्तर शोधत होत्या.

सुखवस्तू घरातील अस्वस्थता

जेन ॲडम्स यांचा जन्म ६ सप्टेंबर १८६० रोजी इलिनॉय राज्यातील सीडरव्हिल या लहानशा गावी झाला. वडील जॉन ॲडम्स हे गिरणीमालक आणि राज्याच्या सिनेटचे सदस्य होते. अब्राहम लिंकन यांच्याशी त्यांचा स्नेह होता. जेन दोन वर्षांच्या असतानाच आईचे निधन झाले. पुढे मणक्याच्या क्षयरोगामुळे त्यांच्या पाठीत कायमचा बाक राहिला.

१८८१ साली रॉकफर्ड येथील शिक्षण पूर्ण झाले आणि त्याच वर्षी वडिलांचेही निधन झाले. वैद्यकीय शिक्षणासाठी त्या फिलाडेल्फियाला गेल्या. पण प्रकृतीने साथ न दिल्याने ते शिक्षण अर्धवट राहिले. त्यानंतरची काही वर्षे युरोपच्या प्रवासात गेली. चित्रसंग्रहालये, संगीताच्या मैफली आणि परकीय भाषांचा अभ्यास यांत दिवस चांगले जात असले, तरी आपले शिक्षण कोणाच्याही उपयोगी पडत नाही, ही टोचणी त्यांना लागून राहिली होती. पूर्व लंडनमध्ये शनिवारी रात्री नासक्या भाज्यांच्या लिलावासाठी उसळलेली भुकेल्या माणसांची गर्दी त्यांनी पाहिली. ते दृश्य त्या कधीच विसरू शकल्या नाहीत.

१८८८ साली त्यांनी लंडनमधील टॉयन्बी हॉल ही संस्था पाहिली. विद्यापीठातील तरुण तेथे गरीब वस्तीत प्रत्यक्ष राहून काम करीत. संस्थेचे प्रवर्तक सॅम्युअल बार्नेट हे त्या वस्तीत चित्रप्रदर्शनेही भरवीत असत. अशीच संस्था शिकागोत उभारण्याचा निश्चय करून जेन ॲडम्स मायदेशी परतल्या.

चित्रे दाखवण्यापासून चित्रे काढण्यापर्यंत

१८ सप्टेंबर १८८९ रोजी जेन ॲडम्स आणि त्यांची मैत्रीण एलेन गेट्स स्टार या हल-हाउसमध्ये राहावयास आल्या. चार्ल्स हल यांनी १८५६ साली बांधलेली ही वास्तू एकेकाळी शहराबाहेर होती. आता तिच्याभोवती इटालियन, ग्रीक, जर्मन, बोहेमियन आणि आयरिश, तसेच रशिया व पोलंडमधून आलेल्या ज्यू स्थलांतरितांची दाट वस्ती पसरली होती.

अल्पावधीतच तेथे बालवाडी आणि मुलांची मंडळे सुरू झाली. १८९१ साली हल-हाउसला जोडून पहिली नवी इमारत उभी राहिली, ती चित्रदालनाची होती. श्रीमंतांच्या संग्रहातील चित्रे काही दिवसांसाठी मागून आणायची आणि कामगारांना दाखवायची, अशी सुरुवातीची योजना होती. लोक मोठ्या संख्येने आले. तथापि, केवळ उत्तम कलाकृती पाहून माणसाच्या आयुष्यात फारसा बदल होत नाही, हे दोघींच्याही हळूहळू लक्षात आले. माणसाच्या हाताला काही घडवण्याची संधी मिळाली पाहिजे, या विचाराकडे संस्था वळली.

चित्रकलेचे वर्ग सुरू झाले. १८९३ साली एलेनर स्मिथ यांच्या नेतृत्वाखाली संगीतशाळा स्थापन झाली. कामगारांच्या कष्टांवर रचलेल्या कवितांना चाली लावून स्मिथ यांनी त्या गीतांचा संग्रह पुढे १९१५ मध्ये प्रसिद्ध केला. एलेन स्टार यांनी लंडनला जाऊन पुस्तकबांधणीची कला शिकून घेतली आणि परतल्यावर हल-हाउसमध्ये त्याची कार्यशाळा चालवली. संस्थेच्या रंगमंचावर १९०३ साली वस्तीतील ग्रीक रहिवाशांनी सोफोक्लीजचे ‘एजॅक्स’ हे नाटक मूळ ग्रीक भाषेत सादर केले. रस्त्यावर फळे विकणारे परदेशी एवढीच ज्यांची शहराला ओळख होती, त्यांच्या प्राचीन वारशाचे दर्शन त्या दिवशी शिकागोला घडले.

आईच्या हातातील चाती

१९०० साली सुरू झालेले श्रम-संग्रहालय हा हल-हाउसचा सर्वांत वेगळा उपक्रम ठरला. घराच्या दारात बसून साध्या चातीवर सूत कातणारी एक वृद्ध इटालियन स्त्री जेन ॲडम्स यांना रस्त्याने जाताना दिसली आणि त्यातून ही कल्पना सुचली. वेगवेगळ्या देशांतून आलेल्या वयस्क स्त्रिया येथे येऊन सूतकताई आणि विणकाम करून दाखवीत. प्राचीन चातीपासून कारखान्यातील यंत्रापर्यंतचा प्रवास पाहणाऱ्यांना उलगडून सांगितला जाई.

यामागील हेतू केवळ माहिती देण्याचा नव्हता. शाळेत आणि कारखान्यात इंग्रजी शिकलेल्या मुलांना आपल्या आईवडिलांच्या वेशाची, भाषेची लाज वाटू लागली होती. अशीच एक इटालियन मुलगी स्वयंपाकाच्या वर्गाला येत असे. तिची आई त्याच वेळी सूत कातण्यासाठी येई. परंतु खेडवळ वेशातील आईबरोबर कोणी पाहू नये म्हणून मुलगी दुसऱ्या दाराने आत शिरे. एके दिवशी आईचे कसब पाहून शिक्षिका थक्क झालेल्या तिने पाहिल्या. जेन ॲडम्स यांनी तिला आईच्या गावाविषयी आणि त्या कलेविषयी समजावून सांगितले. त्यानंतर ती आईसोबत एकाच दाराने येऊ लागली.

कलेला कायद्याची जोड

केवळ वर्ग आणि मंडळे चालवून भागणार नाही, याची जाणीव जेन ॲडम्स यांना लवकरच झाली. हल-हाउसच्या एका मंडळातील तीन मुले शेजारच्या कारखान्यात एकाच यंत्रावर जखमी झाली आणि त्यांपैकी एकाचा मृत्यू झाला. काही डॉलर किमतीचे संरक्षक कवच त्या यंत्राला बसवलेले नव्हते. संध्याकाळी गाणे शिकणारे मूल दिवसा सुरक्षित नसेल, तर त्या शिक्षणाला अर्थ उरत नाही, असे त्यांचे मत बनले.

हल-हाउसच्या रहिवासी फ्लॉरेन्स केली आणि इतर सहकाऱ्यांच्या प्रयत्नांतून १८९३ साली इलिनॉय राज्याने कारखाना कायदा संमत केला. १४ वर्षांखालील मुलांना कारखान्यात कामावर ठेवण्यास त्याने मनाई केली. केली याच राज्याच्या पहिल्या मुख्य कारखाना निरीक्षक झाल्या. वस्तीतील कचऱ्याचा प्रश्न सुटेना, तेव्हा १८९५ साली जेन ॲडम्स यांनी स्वतः कचरा निरीक्षकाचे पद स्वीकारले. १८९९ साली शिकागोत देशातील पहिले बालन्यायालय स्थापन झाले, त्यातही हल-हाउसचा मोठा वाटा होता.

शहरांनी तरुणांच्या श्रमाची व्यवस्था केली, पण त्यांच्या खेळाची आणि कल्पनाशक्तीची केली नाही, असा युक्तिवाद त्यांनी १९०९ साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात केला. तत्त्वज्ञ जॉन ड्यूई हे हल-हाउसच्या विश्वस्त मंडळावर होते आणि त्यांच्या शैक्षणिक विचारांवर या घराचा प्रभाव पडला. हेच ड्यूई पुढे कोलंबिया विद्यापीठात डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे शिक्षक होते.

टीका आणि सन्मान

जेन ॲडम्स यांच्या वाट्याला टीकाही आली. १९०९ साली कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी स्थापन झालेल्या राष्ट्रीय संघटनेच्या त्या संस्थापक सदस्य होत्या. मात्र हल-हाउसच्या कार्यक्रमांत कृष्णवर्णीयांचा सहभाग दीर्घकाळ अत्यल्प राहिला, याकडे अभ्यासकांनी लक्ष वेधले आहे. पहिल्या महायुद्धाला विरोध केल्यामुळे वृत्तपत्रांनी त्यांच्यावर झोड उठवली आणि एकेकाळी देशाच्या लाडक्या असलेल्या या समाजसेविकेवर देशद्रोहाचे आरोप झाले. तरीही त्या शांततेच्या कार्यापासून मागे हटल्या नाहीत. १९३१ साली त्यांना शांततेचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. हा सन्मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या अमेरिकन महिला होत्या.

२१ मे १९३५ रोजी शिकागो येथे त्यांचे निधन झाले. हल-हाउसमध्ये त्यांच्या अंत्यदर्शनासाठी हजारो लोक आले. त्यांच्यावर सीडरव्हिल येथे अंत्यसंस्कार करण्यात आले.

चिरस्थायी वारसा

हल-हाउसमध्ये घडलेल्या मुलांपैकी काहींची नावे जगाला ठाऊक झाली. गरीब ज्यू शिंप्याचा मुलगा बेनी गुडमन हल-हाउसच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवीत असे. पुढे तो जॅझ संगीतातील अग्रगण्य वादक झाला. हल-हाउसमध्ये नीव्हा बॉइड यांच्याकडे खेळांचे शिक्षण घेतलेल्या व्हायोला स्पोलिन यांनी स्थलांतरितांच्या मुलांसाठी नाट्यखेळ रचले. हेच खेळ आज जगभरातील नाट्यप्रशिक्षणात वापरले जातात.

१९६० च्या दशकात विद्यापीठाच्या उभारणीसाठी हल-हाउसच्या बहुतेक इमारती पाडण्यात आल्या. मूळ घर आणि भोजनगृह तेवढे वाचले; तेथे आता संग्रहालय आहे. त्यांचा वारसा सांगणारी सेवासंस्था निधीअभावी २०१२ साली बंद पडली. तथापि, वस्तीतील मुलांना चित्रकला, संगीत आणि नाटक शिकवणारी केंद्रे आज अनेक देशांत कार्यरत आहेत. शाळा आणि दवाखान्याइतकीच कलेचीही वस्तीला गरज आहे, ही जेन ॲडम्स यांची भूमिका त्या केंद्रांच्या कामातून पुढे चालली आहे.