टेलिकन्व्हर्टर लावला की फोटो शार्प होतो का? याचं उत्तर गिरणी कामगाराच्या मुलाने १८७३ मध्येच दिलं होतं

लांबच्या झाडावर पक्षी बसलाय आणि लेन्स कमी पडतेय. अशा वेळी फोटोग्राफर कॅमेरा आणि लेन्सच्या मध्ये टेलिकन्व्हर्टर लावतात. २एक्सचा असेल तर ३०० मिमीची लेन्स ६०० मिमीची होते. पक्षी मोठा दिसतो, पण पिसं जास्त स्पष्ट दिसतात का?

मोठं दिसणं वेगळं आणि स्पष्ट दिसणं वेगळं, हे गणिताने दाखवून देणारे शास्त्रज्ञ म्हणजे अर्न्स्ट आबे.

त्यांचा जन्म २३ जानेवारी १८४० रोजी जर्मनीतल्या आयझेनाखचा. वडील सूतगिरणीत १४ ते १६ तास उभं राहून काम करायचे. लहानगा अर्न्स्ट डबा घेऊन जायचा, तेव्हा वडील यंत्राला टेकून घाईघाईत चार घास पोटात ढकलायचे. हे दृश्य आबे आयुष्यभर विसरले नाहीत.

पोरगा हुशार निघाला. गिरणी मालकाने शिक्षणाला मदत केली. १८६१ मध्ये डॉक्टरेट मिळवून आबे १८६३ पासून येना विद्यापीठात शिकवू लागले. त्याच शहरात कार्ल झाइस यांचा मायक्रोस्कोपचा कारखाना होता. तिथे भिंगं अंदाजाने, घासून आणि जुळवून बनायची. १८६६ मध्ये झाइस यांनी आबेंना गाठलं. त्यांना भिंगं गणित करून बनवायची होती.

पहिला प्रयत्न फसला. भिंगातले दोष कमी व्हावेत म्हणून आबेंनी प्रकाश आत येण्याची वाट अरुंद केली, तर बारकावेच गायब झाले. या अपयशातूनच त्यांना खरी गोष्ट सापडली. १८७३ मध्ये त्यांनी मांडलं की, मायक्रोस्कोपमधून किती बारीक तपशील दिसणार हे प्रकाशाची तरंगलांबी आणि भिंगात शिरणाऱ्या प्रकाशाचा कोन ठरवतो. त्यापुढे प्रतिमा कितीही मोठी केली तरी नवं काही दिसत नाही.

टेलिकन्व्हर्टरचंही असंच आहे. त्याने पुढच्या भिंगाचा व्यास वाढत नाही. उलट २एक्समुळे एफ/४ ची लेन्स एफ/८ होते, सेन्सरच्या प्रत्येक भागावर पडणारा प्रकाश एक चतुर्थांश होतो आणि लेन्समधले दोषही मोठे होतात. फायदा होतो तो लेन्सने पकडलेला तपशील सेन्सरच्या पिक्सेलमध्ये मावत नसेल तेव्हा.

मग ओळखायचं कसं? ट्रायपॉडवरून, त्याच जागेवरून, त्याच वस्तूचे दोन फोटो काढा. एक कन्व्हर्टर लावून, एक न लावता. दुसरा फोटो कॉम्प्युटरवर पहिल्याइतका मोठा करा आणि शेजारी ठेवून बघा. कन्व्हर्टरच्या फोटोत एखादी जास्तीची रेघ दिसली तर तो कामाचा, नाहीतर फक्त फुगवटा.

आबे पुढे झाइस कंपनीचे भागीदार झाले, श्रीमंत झाले. पण १८८९ मध्ये त्यांनी कार्ल झाइस फाउंडेशन उभं केलं आणि कंपनीतला आपला हिस्साही नंतर त्यालाच देऊन टाकला. कामगारांना पगारी रजा आणि पेन्शन मिळू लागली. १९०० मध्ये कारखान्यात आठ तासांचा दिवस सुरू झाला. वडिलांनी केलं त्याच्या जवळपास निम्मं काम.

१४ जानेवारी १९०५ रोजी येनातच त्यांचं निधन झालं. तिथल्या त्यांच्या स्मारकावर आजही ते सूत्र दगडात कोरलेलं आहे.