स्पीकरच्या मागे लिहिलेला ‘ओहम’ नेमका होता कोण?

चंदनसारचं वन रूम किचन असो की पुण्यातला बंगला, अ‍ॅम्प्लिफायर घेताना पहिला प्रश्न एकच: किती वॉटचा? स्पीकरच्या पाठीवर वॉटशेजारी आणखी एक आकडा असतो, ४, ६ किंवा ८ ओहम. अ‍ॅम्प्लिफायर तापून बंद पडतो तो पुष्कळदा या दुर्लक्षित आकड्यापायी. ओहम हे एका माणसाचं आडनाव. दुर्लक्ष त्याच्याही वाट्याला बरंच आलं.

गिऑर्ग ओहमचा जन्म १६ मार्च १७८९ चा, जर्मनीतल्या एर्लांगेनचा. वडील कुलुपं बनवणारे कारागीर. स्वतः गणित शिकले आणि मुलांनाही शिकवलं. कॉलेजात मात्र पोरगा नाच, बिलियर्ड्स आणि स्केटिंगमध्ये रमला. वडील भडकले, तीन सत्रांतच शिक्षण थांबलं आणि त्याची रवानगी स्वित्झर्लंडला, गणिताचा मास्तर म्हणून. १८११ मध्ये डॉक्टरेट मिळाली, तरी पुढेही मास्तरकीच.

१८१७ पासून तो कोलोनच्या शाळेत होता. तिथे त्याने वेगवेगळ्या लांबीच्या तारांतून वीज सोडून पाहिली. पण तेव्हाच्या बॅटरीचा जोर सारखा उतरायचा, मोजमापं चुकायची. मग पोगेनडॉर्फने सुचवल्यावरून त्याने तांबं आणि बिस्मथ जोडलं, एक सांधा उकळत्या पाण्यात आणि दुसरा बर्फात. आता वीज स्थिर मिळाली आणि नियम सापडला: व्होल्टेज दुप्पट तर प्रवाह दुप्पट, रोध दुप्पट तर प्रवाह निम्मा. आज दहावीची पोरंही हे सोडवतात!

१८२७ मध्ये पुस्तक निघालं. स्वागत थंड. वैतागून त्याने १८२८ मध्ये नोकरी सोडली आणि बर्लिनमध्ये कशीबशी पाच वर्षं काढली. लंडनच्या रॉयल सोसायटीने कोपली पदक दिलं ते १८४१ मध्ये. म्युनिकमध्ये भौतिकशास्त्राचा प्राध्यापक झाला १८५२ मध्ये, आणि ६ जुलै १८५४ ला गेला.

त्याचं गणित घरच्या सेटला लावून बघा. अ‍ॅम्प्लिफायर २० व्होल्ट देतोय असं धरा. ८ ओहमच्या स्पीकरमधून २.५ अँपिअर जातात, म्हणजे ५० वॉट. ४ ओहमचा लावला की ५ अँपिअर, १०० वॉट. म्हणून दुकानदार ‘१०० वॉट’ म्हणाला की विचारा, किती ओहमला? ८ ओहमचे दोन स्पीकर एकाच चॅनलला समांतर जोडले की अ‍ॅम्प्लिफायरला ते ४ ओहमच वाटतात. त्याच्यावर किमान ८ ओहम लिहिलं असेल तर हा उद्योग महागात पडतो. (छापलेला आकडाही ढोबळच, सुराप्रमाणे तो खालीवर होतो.)

आणि वॉट दुप्पट केले तरी आवाज वाढतो फक्त ३ डेसिबल. उलट लहान अ‍ॅम्प्लिफायर फुल्ल पिळला की आवाज फाटतो आणि ट्वीटर जळतो.

१८४३ मध्ये ओहमने कानाबद्दलही सिद्धांत मांडला होता, की कान कुठलाही आवाज साध्या सुरांत फोडून ऐकतो. त्यावरही वादच झाला. हेल्महोल्ट्झने तो उचलून धरला, तो ओहम गेल्यावर. रोधाच्या एककाचं त्याचं नाव आंतरराष्ट्रीय पातळीवर मान्य झालं १८८१ च्या पॅरिस परिषदेत.