एल्मर कीथ

एल्मर मेरीफिल्ड कीथ (जन्म : हार्डिन, मिसूरी, ८ मार्च १८९९, मृत्यू : बॉइसी, आयडाहो, १४ फेब्रुवारी १९८४) हे अमेरिकन गुरेपालक, शिकारी वाटाडे आणि शस्त्रविषयक लेखक होते. नेहमीच्या पितळी पुंगळीत हाताने अधिक जोरकस काडतुसे भरण्याचे प्रयोग त्यांनी सुमारे तीस वर्षे केले. त्या प्रयोगांतून आणि त्यांच्या सततच्या पाठपुराव्यातून १९५५ मध्ये .४४ मॅग्नम हे रिव्हॉल्व्हरचे काडतूस बाजारात आले. .३५७ मॅग्नम (१९३५) आणि .४१ मॅग्नम (१९६४) या काडतुसांच्या घडणीतही त्यांचा वाटा मानला जातो.

बालपण

कीथ यांचे कुटुंब त्यांच्या लहानपणीच मिसूरी सोडून मोंटाना राज्यात गेले. सुमारे बारा वर्षांचे असताना मिझूला येथे ते राहत असलेल्या इमारतीला आग लागली आणि ते गंभीर भाजले. चेहरा व खांद्यावरील व्रण जन्मभर राहिले. डावा हात आखडून निकामी झाला होता. डॉक्टरांनी आशा सोडल्यावर आपल्या आग्रहावरून वडिलांनी तो हात मोडून सरळ बसवला, अशी हकिगत त्यांनी आत्मचरित्रात दिली आहे. पुढे याच हाताने त्यांनी बंदुका पेलल्या.

हेलेना परिसरात वाढताना यादवी युद्धात लढलेले सैनिक आणि जुने गुराखी त्यांना प्रत्यक्ष भेटले. रिव्हॉल्व्हर हे कमरेला लावायचे रोजचे अवजार आहे, हा दृष्टिकोन त्यांना या मंडळींकडून मिळाला. गुरे हाकताना घोडा उधळला आणि स्वाराचा पाय रिकिबीत अडकला, तर हाताशी असलेल्या एका शस्त्राने मोठे जनावर जागीच थांबले पाहिजे, ही त्यांची अपेक्षा होती. त्यांच्या पुढील सर्व प्रयोगांमागील गरज हीच होती.

१९२५ चा स्फोट

तरुणपणी कीथ .४५ कोल्ट या जुन्या काडतुसाचे चाहते होते. ४ जुलै १९२५ रोजी, अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, ते कोल्टच्या एकचापी रिव्हॉल्व्हरमधून आनंदाचे बार काढत होते. काडतुसे त्यांनी स्वतः भरलेली होती. त्यांत काळी दारू आणि मूळच्या रायफलीसाठी असलेली जड गोळी होती. एका बारासरशी सिलिंडरच्या वरच्या बाजूची घरे आणि त्यांवरील पोलादी पट्टी उडून गेली. कीथ यांना मोठी इजा झाली नाही. ही घटना त्यांनी ‘अमेरिकन रायफलमन’ या नियतकालिकाला कळवली.

या अपघाताचे कारण समजण्यासाठी काडतुसाची रचना पाहावी लागते. पुंगळी, तिच्या बुडाशी बसवलेली टोपी, दारू आणि गोळी असे काडतुसाचे चार भाग असतात. बार झाला की पितळेची पुंगळी क्षणभर फुगते, घराच्या भिंतीला घट्ट चिकटते आणि वायू मागे येऊ देत नाही. दाब ओसरताच ती किंचित आकसते, म्हणूनच रिकामी पुंगळी सहज निघते आणि पुन्हा भरता येते. दाब मात्र पितळ पेलत नाही, तो तिच्याभोवतीचे पोलाद पेलते. .४५ ची पुंगळी जाड असल्याने कोल्टच्या सिलिंडरमध्ये घरांभोवती पोलाद पातळ उरत असे. त्याच आकाराच्या सिलिंडरमध्ये .४४ ची घरे पाडली तर भिंती अधिक जाड राहतात. कीथ यांनी .४५ चा नाद सोडला आणि ते .४४ स्पेशलकडे वळले.

.४४ स्पेशलचे प्रयोग

.४४ स्पेशल हे विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातील काडतूस अतिशय अचूक होते, पण कारखाने ते मवाळ भरत. पुंगळीत जागा भरपूर आणि दारू थोडी, अशी स्थिती होती. कीथ यांनी प्रथम गोळी बदलली. त्यांनी आखलेल्या शिशाच्या गोळीला रुंद सपाट नाक, धारदार कडेचा पुढचा पट्टा आणि पुंगळीचे तोंड आवळण्यासाठी खोल खाच होती. सुमारे २५० ग्रेन (१६ ग्रॅम) वजनाच्या या गोळीचा साचा आयडियल (पुढे लायमन) कंपनीने ४२९४२१ या क्रमांकाने विकला. हा नमुना आजही ‘कीथ गोळी’ म्हणून ओळखला जातो. सेकंदाला १,२०० फूट (सुमारे ३६५ मीटर) हा वेग त्यांचे लक्ष्य होते. हर्क्युलिस कंपनीची २४०० क्रमांकाची सावकाश जळणारी दारू १९३० च्या दशकात उपलब्ध झाल्यावर ते त्यांच्या आवाक्यात आले.

याच काळात फिलाडेल्फियाचे हौशी नेमबाज हॅरल्ड क्रॉफ्ट आपल्या खास घडवलेल्या रिव्हॉल्व्हरांसह कीथ यांच्याकडे ओरेगनमधील डर्की येथे आले. त्यांच्या चर्चेतून कोल्टवर आधारित ‘क्रमांक ५’ हे कीथ यांचे सर्वांत प्रसिद्ध रिव्हॉल्व्हर तयार झाले. एप्रिल १९२९ मध्ये त्यावरील लेख ‘अमेरिकन रायफलमन’मध्ये आला आणि कीथ यांचे नाव देशभर पोहोचले.

या प्रयोगांची पद्धत आजच्या कसोटीला उतरणारी नव्हती, हे नोंदवणे आवश्यक आहे. कीथ यांच्याकडे दाब मोजण्याचे यंत्र नव्हते. टोपी किती चपटी झाली, पुंगळी बाहेर काढताना किती अडली, यांवरून ते अंदाज बांधत. ही लक्षणे उशिरा दिसतात. ती दिसेपर्यंत मर्यादा ओलांडलेली असू शकते. जुन्या पुंगळ्यांची आणखी एक अडचण होती. त्यांच्या बुडाशी टोपीचा कप्पा आतील पोकळीत वर आलेला असे आणि भोवतालचे पितळ पातळ असे. पुढे भरीव बुडाच्या, अधिक मजबूत पुंगळ्या आल्या. मात्र त्यांतील पोकळी थोडी कमी असल्याने जुन्या पुंगळीतले दारूचे माप नव्या पुंगळीत तसेच वापरले तर दाब वाढतो. कीथ यांनी स्वतःच्या मापांत हा फरक केला होता. त्यांचे आकडे मागचापुढचा संदर्भ सोडून उतरवणाऱ्यांनी तो अनेकदा केला नाही.

पुंगळीच्या लांबीचा प्रश्न

नेहमीच्या पुंगळीत भरलेले जोरकस काडतूस बाहेरून नेहमीच्या काडतुसासारखेच दिसते आणि त्या मापाच्या प्रत्येक रिव्हॉल्व्हरमध्ये बसते. भरणाऱ्याला त्यात काय आहे ते ठाऊक असते. डबी दुसऱ्याच्या हाती गेली, की ते कुणालाच ठाऊक नसते. एखाद्या घरातील जुने, मऊ पोलादाचे रिव्हॉल्व्हर त्याने फुटू शकते.

हा धोका कारखान्यांनाही चुकला नव्हता. १९३० मध्ये स्मिथ अँड वेसनने .४४ च्या मोठ्या सांगाड्यावर .३८ स्पेशलचे भक्कम रिव्हॉल्व्हर काढले आणि त्यासाठी .३८-४४ हे जोरकस काडतूस आले. त्याची लांबी .३८ स्पेशलइतकीच असल्याने ते जुन्या हलक्या रिव्हॉल्व्हरांतही जात असे. १९३५ मध्ये डग्लस वेसन, फिलिप शार्प आणि विंचेस्टर कंपनी यांच्या प्रयत्नांतून .३५७ मॅग्नम आले, तेव्हा पुंगळी सुमारे ३.४ मिलिमीटरने लांब करण्यात आली. वाढीव दारूसाठी जागेची फारशी गरज नव्हती. जुन्या रिव्हॉल्व्हरचे सिलिंडर हे काडतूस आत घालून बंदच होऊ नये, हा त्यामागील मुख्य हेतू होता. कीथ यांनी .३८ स्पेशलच्या पुंगळीत केलेली भरणी व त्यासाठी आखलेली गोळी या घडामोडींच्या पार्श्वभूमीवर होती, पण .३५७ चे श्रेय एकट्या कीथ यांना देणे योग्य नाही. शार्प यांचा वाटा त्यात अधिक ठळक आहे.

.४४ साठी मात्र कीथ यांना आणखी वीस वर्षे थांबावे लागले. देशात विखुरलेल्या जुन्या .४४ रिव्हॉल्व्हरांच्या भीतीने काडतूस कंपन्या त्यांची भरणी कारखान्यात करण्यास तयार नव्हत्या. कीथ लेखांतून, पत्रांतून आणि प्रत्यक्ष भेटींत मागणी करत राहिले. अखेर स्मिथ अँड वेसनचे अध्यक्ष कार्ल हेलस्ट्रॉम आणि रेमिंग्टन कंपनी यांनी हा प्रकल्प हाती घेतला. याही वेळी पुंगळी सुमारे ३.२ मिलिमीटरने लांब केली गेली आणि १९५५ च्या अखेरीस .४४ मॅग्नम जाहीर झाले. १९५६ मध्ये रुगर कंपनीचे रिव्हॉल्व्हरही आले. दोन्ही काडतुसांतील अंतर आकड्यांत स्पष्ट होते. अमेरिकन उद्योगाच्या आजच्या मानकानुसार .४४ स्पेशलचा कमाल दाब चौरस इंचाला १५,५०० पौंड, तर .४४ मॅग्नमचा ३६,००० पौंड आहे. .४४ मॅग्नमच्या रिव्हॉल्व्हरमध्ये .४४ स्पेशल चालते, उलट होत नाही.

नवे रिव्हॉल्व्हर हाती आल्यावर कीथ यांनी .४४ स्पेशलची जड भरणी जवळपास सोडून दिली. त्यांचे अनेक वाचक मात्र जुन्या पुंगळ्या आणि जुनी मापे घेऊन बसून राहिले. आपल्या हयातीतच मागे पडलेल्या प्रयोगासाठी आजही कीथ यांचा दाखला दिला जातो, ही थोडी विचित्र गोष्ट आहे.

भारतातील स्थिती

अमेरिकेत घरी काडतुसे भरणे हा सर्वमान्य छंद आहे. भारतात शस्त्र अधिनियम, १९५९ मधील दारूगोळ्याच्या व्याख्येत काडतुसाचे सुटे भाग आणि ती बनवण्याची यंत्रसामग्रीही येते, तसेच कलम ५ नुसार निर्मितीसाठी स्वतंत्र परवाना लागतो. त्यामुळे अंधेरी-बोरिवली असो वा मुलुंड-घाटकोपर, रिव्हॉल्व्हरचा परवाना असलेली व्यक्ती कारखान्यात भरलेली काडतुसेच वापरते. आपल्याकडे ‘पुंगळी’ हा शब्द बहुधा पोलीस पंचनाम्याच्या बातमीतच भेटतो, तो यामुळेच. लष्करासाठीचा दारूगोळा बनवणारा पुण्याजवळील खडकीचा कारखाना १८६९ पासून आहे.

इतर कार्य

१९३० पासून कीथ आयडाहोतील सॅमन नदीच्या नॉर्थ फोर्क भागात आणि पुढे सॅमन गावात राहिले. पत्नी लॉरेन यांच्याशी त्यांचा विवाह १९२६ मध्ये झाला होता. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी युटामधील ऑग्डेन शस्त्रागारात तपासनीस म्हणून काम केले. रायफलींबाबत ते जड व रुंद गोळीचे पुरस्कर्ते होते. चार्ल्स ओनील व डॉन हॉपकिन्स यांच्यासह त्यांनी .३३३ ओकेएच हे काडतूस तयार केले. हलक्या, वेगवान गोळीचा पक्ष घेणारे लेखक जॅक ओकॉनर यांच्याशी त्यांचा वाद अनेक वर्षे चालला.

दुसऱ्याच्या गोळीने जखमी झालेले हरीण सुमारे ६०० यार्डांवरून रिव्हॉल्व्हरने पाडल्याचा त्यांचा दावा वादग्रस्त ठरला. त्यावर झालेली टीका त्यांना अखेरपर्यंत सलत होती.

‘सिक्सगन काट्रिजेस अँड लोड्स’ (१९३६), ‘बिग गेम रायफल्स अँड काट्रिजेस’ (१९३६), ‘सिक्सगन्स’ (१९५५) आणि ‘सफारी’ (१९६८) ही त्यांची प्रमुख पुस्तके होत. ‘हेल, आय वॉज देअर!’ हे आत्मचरित्र १९७९ मध्ये निघाले. १९७३ मध्ये सुरू झालेल्या ‘आउटस्टँडिंग अमेरिकन हँडगनर’ या पुरस्काराचे ते पहिले मानकरी होते.

१९८१ नंतर पक्षाघातामुळे त्यांचे लेखन थांबले. १४ फेब्रुवारी १९८४ रोजी बॉइसी येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्या संग्रहातील शस्त्रे काही काळ बॉइसी येथे प्रदर्शनात होती. २०१५ मध्ये त्यांचा लिलाव झाला, त्यात ‘क्रमांक ५’ रिव्हॉल्व्हरही होते.