हातात हंटर घेऊन गुंडांना बदडणारी ‘फिअरलेस नादिया’ मूळची ऑस्ट्रेलियाची होती
साल १९३५. हिरोनेच हिरॉइनला वाचवायचं, असा सिनेमाचा शिरस्ता. नादियाने तो मोडला.

खरं नाव मेरी इव्हान्स. जन्म १९०८ चा, पर्थचा. वडील ब्रिटिश सैन्यात, त्यामुळे लहानपणीच मुंबईत आली. दुकानात नोकरी केली, स्टेजवर नाचली, सर्कशीत कसरती केल्या. मग वाडिया बंधूंनी तिला ‘हंटरवाली’ केलं. वितरक पिक्चर घ्यायला तयार होईनात, म्हणून वाडियांनी स्वतःच लावला आणि तो तुफान चालला. धावत्या ट्रेनच्या टपावरची मारामारीही ती स्वतःच करायची.

पडद्यावर कुणाला न घाबरणारी नादिया लग्नासाठी मात्र थांबून राहिली. होमी वाडियांच्या आईचा विरोध होता. १९६१ ला लग्न झालं, तेव्हा तिने पन्नाशी ओलांडली होती. १९९६ ला मुंबईतच ती गेली.